सात खिडक्यांचं सरकार

स्कारविक, फेरो बेटे
३ फेब्रुवारी १९३४

प्रिय सुन्नवा,

तुम्मसची टपालबोट आज अकरा दिवसांनी आली. पोत्यात वर्तमानपत्रं होती आणि पहिल्याच पानावर तुझा फोटो. टोपी वाकडी. खाली छापलं आहे की उत्तर साम्राज्य-संघाच्या पंतप्रधानपदी फेरो बेटांच्या एकमेव सभासद कुमारी सुन्नवा दाल्सगार यांची निवड झाली. मी तीनदा वाचलं. मग शाळेतल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घेतलं, म्हणजे माझ्या चष्म्याची चूक नाही हे कळावं.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंड, ती वेस्ट इंडीजमधली साखरेची बेटं आणि आपण. सात देशांचा कारभार, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीच्या हाती! तुला साधी चूल नीट विझवता येत नाही. जाताना तू म्हणालीस, "मार्युन, हिवाळी अधिवेशन संपवते, दाढ काढून घेते आणि येते." दाढ काढलीस का?

गावाला वेड लागलं आहे. म्हातारा याकुप एक्याण्णवाव्या वर्षी काठी टाकून धक्क्यावर आला. "महाराणी आता हिला आधी नमस्कार करते का ही तिला?" मी सांगितलं, घरी जा, सर्दी होईल. बाकीच्यांना कुणाला होडीला इंजिन हवं आहे, कुणाला जावयाला नोकरी. पंतप्रधान म्हणजे वाण्याचं दुकान नव्हे, असं मी सगळ्यांना बजावलं आहे.

याच बोटीने मेंढीची एक तंगडी पाठवते. बाबांच्या मांस वाळवायच्या छपरात पाच महिने वाऱ्यावर वाळली आहे. तिथल्या स्वैपाकिणीच्या हाती देऊ नकोस, ती मेलेलं काहीतरी समजून फेकून देईल.

हे सगळं कसं झालं ते सविस्तर लिही. गावात सर्व आहे तसंच आहे.

तुझी,
मार्युन

---

कोपनहेगन
१४ फेब्रुवारी १९३४

प्रिय मार्युन,

दाढ काढली. त्यानंतरच हे झालं, त्यामुळे त्या औषधाला थोडा दोष देता येईल.

ऐक. सभागृहात दोन मोठे पक्ष, डेनांचा आणि स्वीडांचा. दोघांची माणसं अगदी सारखी. ऑक्टोबरपासून सरकार नाही. इथली रीत अशी आहे की रोज बारा वाजता दोन्ही पुढाऱ्यांनी खाली गालिच्यावर यायचं, समोरासमोर उभं राहायचं आणि जो माणूस पंतप्रधान म्हणून चालेल त्याच्यासाठी एकेक हात पुढे करायचा. ज्याने दोन्ही हात धरले तो पंतप्रधान. एक्क्याऐंशी दिवस ग्रेव्सनसाहेब आणि लिंडक्रोनासाहेब हात पुढे करून तोंड फिरवून उभे राहत होते. मध्ये कुणी येत नव्हतं, कारण एका बाजूचा आला की दुसरा हात मागे घेई.

ब्याऐंशीव्या दिवशी मला भूक लागली होती. दाराकडे जायचा रस्ता गालिच्यावरूनच आहे. मी दोघांच्या मध्ये पोचले आणि बघते तर डावीकडून एक हात, उजवीकडून एक हात. आता तूच सांग, आपल्याकडचं माणूस काय करेल? नाचाच्या साखळीत कुणी हात पुढे केला तर आपण विचारतो का, "काय हो, कशासाठी?" मी धरले. धरले ते धरले, वर सवयीने दोन पावलं डावीकडे आणि एक उजवीकडे टाकलं. ग्रेव्सनसाहेब माझ्याबरोबर ओढले गेले. लिंडक्रोनासाहेबांचा चष्मा पडला. तेवढ्यात सभापतींनी हातोडा आपटला.

"अहो, मी जेवायला निघाले होते," मी म्हटलं.

"तसंच नोंदवून घेऊ," चिटणीस म्हणाला.

दोन्ही पक्षांनी हात मागे घेतला नाही, कारण मी कोण हेच कुणाला माहीत नव्हतं. आता मला एक राजवाडा आहे, चार शिपाई आहेत आणि मुन्क नावाचा एक सचिव आहे. तो मी काहीही बोलले की "अभूतपूर्व" म्हणतो. काल मी चहात साखर जास्त झाली म्हटलं, तेव्हाही म्हणाला.

मार्युन, मला हसू आवरत नाही. सकाळी आरशात बघते आणि फुटते.

टेबलावर एक कागद मंजुरीसाठी आला आहे. कंटाळवाणा आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुझी,
सुन्नवा

ता. क. तंगडी पोचली. शिपायांनी पेटी फोडायच्या आधी पोलिसांना बोलावलं.

---

स्कारविक
२ मार्च १९३४

प्रिय सुन्नवा,

तुझं पत्र मी गावात वाचून दाखवलं, नाचाचा भाग सोडून. तो कसा फुटला माहीत नाही, पण आता मुलं मधल्या सुट्टीत "पंतप्रधान-पंतप्रधान" खेळतात. दोघं हात पुढे करून उभे राहतात आणि तिसरी मेंढीसारखी मधून धावत जाते. मी बंद केलं.

कोपनहेगनहून एक सरकारी गृहस्थ आले, तूच पाठवले असणार. ब्रॉर्सन नाव. सोळाव्या तारखेला उतरले, बोटीत उलट्या करून हिरवे झाले होते. मी त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं. फार सज्जन. दिवसभर फीत घेऊन घरं मोजतात, धक्का मोजतात, शाळेचं छप्पर बघतात, वहीत लिहितात. मी ओळखलं, आपल्याला धक्का बांधून देणार आहेस आणि मला आधी सांगायचं नाही असं ठरवलं आहेस. लहानपणीही तुला गुपित पोटात ठेवता येत नसे. मी त्यांना रोज मासे, बटाटे आणि सलगमची भाजी घालते आहे. काल जाताना त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात," असं दोनदा म्हणाले. डेन माणसं एवढी हळवी असतात हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्मसने दरवर्षीप्रमाणे मार्चच्या पहिल्या टपालाबरोबर मला लग्नाचं विचारलं. हे बाविसावं वर्ष. मी दरवर्षीप्रमाणे नाही म्हटलं. तो दरवर्षीप्रमाणे "बरं" म्हणून चहा पिऊन गेला.

तो कंटाळवाणा कागद कसला ते लिही.

मार्युन

---

कोपनहेगन
१५ मार्च १९३४

प्रिय मार्युन,

ब्रॉर्सन पुन्हा आला तर त्याला मासे घालू नकोस.

बसून वाच. तो धक्का बांधायला आला नव्हता. तो गाव बंद करायला आला होता.

त्या कागदाचं नाव "लहान वस्त्यांचं एकत्रीकरण". ज्या गावात शंभराहून कमी माणसं, तिथली टपालबोट बंद, शाळा बंद, डॉक्टरची फेरी बंद, आणि माणसांना जवळच्या शहरात घरं. दोन्ही पक्षांचं संघात फक्त या एकाच गोष्टीवर एकमत आहे. पैसा वाचतो म्हणे. मी त्यांचे हात धरले तेव्हा हाही कागद माझ्या हातात आला. पंतप्रधानाने तो सभागृहात मांडायचाच असतो. नाही मांडला तर मी जाते आणि माझ्या जागी येणारा पहिल्याच दिवशी मांडतो.

मला हे चौदा फेब्रुवारीला माहीत होतं. मी लिहिलं नाही. तू खूश होतीस.

सुन्नवा

---

स्कारविक
२६ मार्च १९३४

सुन्नवा,

पत्र मिळालं.

मी या शाळेत एकतीस वर्षं शिकवते आहे. तुला इथेच वाचायला शिकवलं. आता मला थोर्शाव्हनला एखाद्या दुमजली घरात वरची खोली मिळेल, खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसेल आणि मी शेजाऱ्यांच्या मुलांना शिस्त लावायला गेले की त्यांच्या आया मला हाकलून देतील. याकुप तर बोटीतच मरेल, केवळ आपल्याला छळण्यासाठी.

त्या माणसाला मी गादी दिली होती. माझी.

मला तुझी माफी नको. तू तिथे चुकून का होईना पोचली आहेस ना? मग काहीतरी कर.

मार्युन

---

कोपनहेगन
२० एप्रिल १९३४

प्रिय, प्रिय, प्रिय मार्युन,

केलं! मी उभ्याने लिहिते आहे, बसवत नाही. मुन्क कोपऱ्यात "अभूतपूर्व, अभूतपूर्व" करतो आहे आणि या वेळी तो बरोबर आहे.

शेवटच्या वाटाघाटीला दोन्ही पुढारी माझ्या दालनात यायचे होते. इथे दोन नियम आहेत. एक, सही होण्याआधी जो टेबलावरून उठेल त्याचा पक्ष हरला. दुसरा, पंतप्रधानांच्या दालनातली खिडकी पंतप्रधानांनी सांगितल्याशिवाय उघडायची नाही. फार वर्षांपूर्वी कुणाचा तरी तह वाऱ्याने कालव्यात गेला होता.

मी तुझी तंगडी शेकोटीच्या मागे टांगली. सकाळी आठला शेकोटी पेटवली. दहाला ते आले.

साडेदहाला ग्रेव्सनसाहेबांनी रुमाल काढला. "बाई, इथे काही... मेलं आहे का?"

"हो," मी म्हटलं, "सप्टेंबरात. आपण आकड्यावर बोलू या. शंभर फार होतात."

"शंभर ठरलेत," लिंडक्रोनासाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"नव्वद म्हणा, एक खिडकी उघडते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही उठायचं होतं आणि आधी कुणालाच उठायचं नव्हतं. अकरा वाजता नव्वद झाले. मुन्कने एक खिडकी उघडली. मी शेकोटीत कोळसा घातला. बाराला ऐंशी. मग मी तंगडीचा एक काप काढून अगदी सावकाश खाल्ला आणि त्यांच्यापुढेही बशी केली. सत्तर आणि साठ एकदमच झाले. "बाई, हा छळ आहे," ग्रेव्सनसाहेब म्हणाले. "हा आमचा नाश्ता आहे," मी म्हटलं. अडीच वाजता सातवी खिडकी उघडली आणि आकडा तीसवर आला. आणखी खाली गेले असते, पण आठवी खिडकी नाही. मुन्क आणि मी धरून चौघांच्या सह्या झाल्या. दोघेही खिडकीबाहेर अर्धे वाकून उभे होते, खालच्या शिपायांना वाटलं आता उडी मारतात.

तीस, मार्युन! आणि आपण एकतीस! मी काल बोटांवर मोजलं, घर धरून घर. वरच्या घरापासून धक्क्यापर्यंत. गाव वाचलं.

नाच गं! कुणी बघत नसेल तेव्हा तरी नाच.

सुन्नवा

---

स्कारविक
३ मे १९३४

प्रिय सुन्नवा,

मी नाचले नाही. मी वही काढून मोजलं.

तू स्वतःला धरलंस. पंतप्रधानाची नोंद कायद्याने कोपनहेगनच्या सरकारी घरात असते, तुझं नाव फेब्रुवारीतच आपल्या वहीतून कमी झालं. म्हणजे तीस. आणि हेडिन आणि त्याची बायको मासेमारीच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून जानेवारीतच आइसलंडला गेले. परत येणार नाहीत. घराला फळ्या ठोकल्या आहेत.

म्हणजे अठ्ठावीस.

मी तुला लिहिलं होतं, "गावात सर्व आहे तसंच आहे." ते खोटं होतं. तू एवढ्या आनंदात होतीस. माझ्या शाळेत आता तीनच मुलं आहेत, तेही तुला सांगितलं नव्हतं. तिघांनाही ओरडताना मी वर्ग भरलेला असल्यासारखी ओरडते.

तू माझ्यापासून एक लपवलंस, मी तुझ्यापासून एक लपवलं. फिटंफाट. पण तुझी चार तासांची तपश्चर्या माझ्या एका ओळीने फुकट गेली, हे मला झोंबतं आहे.

खिडक्यांचा भाग मात्र दोनदा वाचला. बाबा असते तर त्यांनी तुला छपराची किल्ली दिली असती.

मार्युन

---

कोपनहेगन
१४ मे १९३४

प्रिय मार्युन,

अठ्ठावीस वाचून मी जिन्यावरच बसले. शिपाई पाणी घेऊन आला.

आकडा आता बदलत नाही. मी दोघांना भेटले. दोघंही म्हणाले, करार पुन्हा उघडला तर शंभरापासून सुरुवात, आणि या खेपेला बैठक बागेत.

पण ऐक, गणती एक जुलैला आहे. सांडोय बेटावरची मावसभावंडं आहेत ना? चौघं-पाचजण दोन दिवस राहायला बोलाव. हेडिनच्या घरात चूल पेटव. ब्रॉर्सनच मोजायला येणार आहे, आणि त्याचं मन तुझ्या सलगमच्या भाजीने आधीच विरघळलं आहे. तो जास्त विचारणार नाही. मला माहीत आहे तू काय म्हणणार, पण एकदा विचार कर.

दुसरीकडे कामं चालूच आहेत. ग्रीनलंडला डॉक्टरची दुसरी बोट मिळवून दिली. साखरेच्या बेटांवरच्या मळ्यांत शाळा सुरू होते आहे, तिथला सभासद माझ्या गळ्यात पडून रडला. मला वाटत होतं मी इथे चुकून उभी आहे. हल्ली कधी कधी तसं वाटत नाही.

सुन्नवा

---

स्कारविक
२८ मे १९३४

प्रिय सुन्नवा,

नाही.

उसनी माणसं आणून खोटी गणती मी करणार नाही. गणतीच्या वहीवर शिक्षिकेची सही असते. ती माझी आहे. मी ज्या मुलांना बेरजेत हातचा चोरला म्हणून कोपऱ्यात उभं केलं, ती आता आजोबा-आजी व्हायला आली आहेत. त्यांच्यासमोर मी हे करू?

पण एक खरं माणूस वाढवता येतं, असं माझ्या लक्षात आलं.

परवा बोट लागली तेव्हा मी धक्क्यावर गेले. तुम्मस पोती उतरवत होता.

"तुम्मस," मी म्हटलं, "तू मार्चमध्ये मला काही विचारलं होतंस."

"दरवर्षी विचारतो," तो म्हणाला.

"या वर्षीचं उत्तर बदललं तर तू स्कारविकला राहायला येशील का? का मला तुझ्या गावी जावं लागेल?"

त्याने पोतं खाली ठेवलं. त्याच्या गावात दोनशेवर माणसं आहेत, एक गेला तर कळणारही नाही, हेही मी त्याला सांगितलं. म्हटलं, आधी नीट ऐक. कायदा असा आहे, आकडा असा आहे, मी तुला फसवून घेत नाही.

तो म्हणाला, "मार्युन, बावीस वर्षांत कारण कुठलं का असेना, हो आलं ना?" आणि एवढा हसला की पोतं धक्क्यावरून पाण्यात गेलं. टपाल भिजलं. तुझं चौदा मेचं पत्र मी इस्त्रीने वाळवून वाचलं.

लग्न चोवीस जूनला. आता एकोणतीस. एक कमीच आहे आणि तो कुठून आणायचा ते मला कळत नाही. याकुपला एक जुलै उलटेपर्यंत मरायचं नाही असं बजावलं आहे. तो म्हणतो, "विचार करतो."

आणि मी गावासाठी बळी जाते आहे वगैरे काही मनात आणू नकोस. बावीस वर्षं मी नाही म्हणत होते, कारण लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवत नसत. तो नियम गेल्या वर्षीच गेला. मार्चमध्ये नाही म्हटलं ते निव्वळ सवयीने.

लग्नाला येऊ नकोस. तुझी सात देशांची कामं आहेत. ती कर.

मार्युन

---

कोपनहेगन
९ जून १९३४

प्रिय मार्युन,

अभिनंदन समोर आल्यावर करीन. तुम्मसला सांग, बावीस वर्षं चहा पिऊन जाणाऱ्या माणसाला संघाचं पदक द्यायला हवं होतं. पण ते आता माझ्या हातात नाही.

काल मी राजीनामा दिला.

सभागृहात उभी राहिले आणि सरळ सांगितलं. ग्रेव्सनसाहेब उठले. "बाई, कारण कळेल का?"

"गणती."

"कसली गणती?"

"माझ्या गावाची. एक माणूस कमी आहे."

"एका माणसासाठी तुम्ही सात देश सोडता?"

"सात देशांना दुसरा मिळेल," मी म्हटलं. "स्कारविकला मिळत नाहीये."

लिंडक्रोनासाहेब म्हणाले, आकडा पंचवीस करू, पण जाऊ नका. ग्रेव्सनसाहेबांनीही मान हलवली. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी चोवीस माणसांच्या गावातून कुणीतरी येईल आणि तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघाल. हा कायदा वाईट आहे हे मी आता खुर्चीत नसताना मोठ्याने सांगू शकते, आणि येत्या अधिवेशनात सभासद म्हणून सांगणारच आहे. सभासदाला घर कुठेही असलेलं चालतं. मी विचारून घेतलं.

मुन्कने माझी पेटी स्वतः खाली नेली.

आता फक्त तुला सांगते. मला हे काम आवडायला लागलं होतं. पहिले दोन महिने मी हसत होते, पण मग सकाळी उठून कामाला लागावंसं वाटायचं. तू मला बोलावलं नाहीस, हे मी पाहिलं. एकोणतीस लिहून पुढे "तुझी कामं कर" लिहिणारी तू. तुला लपवता येत नाही, हे घराण्यातच आहे.

सोबत रहिवाशाचा अर्ज आहे. मी भरला आहे, पण "व्यवसाय" या रकान्यात चार महिने जे लिहीत होते ते आता चालणार नाही, आणि दुसरं काही सुचेना. तू भर. बावीस तारखेला थोर्शाव्हनला उतरते.

सुन्नवा

---

स्कारविक
२१ जून १९३४

प्रिय सुन्नवा,

हे पत्र तुम्मस तुला थोर्शाव्हनच्या बंदरात हातात देईल. तो तुला आणायलाच निघाला आहे. कोट नवीन आहे, त्याला काही बोलू नकोस.

तुझं पत्र वाचून मी आधी फार रागावले. "तुला कुणी सांगितलं होतं?" असं एक पत्र लिहिलं आणि चुलीत घातलं. दुसरं लिहिलं, त्यात तुझ्या लहानपणापासूनच्या सगळ्या चुका होत्या. तेही घातलं. मग शाळेत गेले आणि तिघा मुलांना दुपारी सुट्टी दिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ती घाबरून घरी गेली.

ब्रॉर्सन आधीच्या बोटीने आले आहेत. या खेपेला त्यांना गोठ्यावरची खोली दिली आहे. एक जुलैच्या गणतीसाठी आजच आम्ही वही तपासायला बसलो. तुम्मस धरून एकोणतीस नावं झाली. त्यांनी प्रत्येकापुढे खूण केली, याकुपपुढे खूण करायला त्याच्या घरी जाऊन आले. मग मी तुझा अर्ज पुढे ठेवला.

त्यांनी बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळलं. मग म्हणाले, "बाई, मोठीच अडचण आहे. राजीनामा दिलेले पंतप्रधान कुठल्या रकान्यात घालायचे याचा नियमच नाही. आजवर कुणी असं घरी गेलेलंच नाही."

मी म्हटलं, "मग माणसांच्या रकान्यात घाला."

त्यांनी घातलं. क्रमांक तीस. मी खाली सही केली, आणि माझी सही थोडी वाकडी आली आहे. कुणी विचारलं तर दौत हलली होती.

व्यवसायाचा रकाना मी रिकामाच ठेवला आहे. चोवीसला लग्न आहे आणि सोमवारपासून गवत कापायचं आहे. त्यानंतर बघू तुला काय काय येतं.

जुने जोडे घालून उतर. धक्क्यावर शेवाळ आहे.

तुझी,
मार्युन